मोठ्या टुरर गाडीवर पाठ का दुखत नाही? मोटरसायकलवरून गावी येणाऱ्या चाकरमान्यांसाठी कामाची माहिती

गणपती किंवा शिमगा जवळ आला की मुंबईत घोडपदेव, लालबाग, परळच्या चाळींखाली मोटरसायकलींवर सामान बांधायची लगबग सुरू होते. रेल्वेचं तिकीट मिळत नाही, एसटी फुल्ल, खासगी बसवाले मागतील तो भाव. मग बरेच जण आपली शंभर-सव्वाशे सीसीची गाडी काढतात आणि थेट गावाची वाट धरतात. घोडपदेवहून कणकवली म्हटलं तर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. गावी पोचल्यावर पहिले दोन दिवस कंबर शेकण्यात जातात. आणि हे झालं नीट पोचणाऱ्यांचं.

अशा लांबच्या प्रवासासाठी मुद्दाम बनवलेल्या मोठ्या मोटरसायकली असतात. त्यांना टुरर किंवा टूरिंग गाडी म्हणतात. मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ सगळेच बघतात. ती गाडी घेणं आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्यात नाही. पण ती आराम कशातून देते हे समजलं, तर आपल्या साध्या गाडीवरचा प्रवासही बराच सुसह्य करता येतो.

टुरर म्हणजे कोणती गाडी?

या प्रकारात जगभर सगळ्यात जास्त नाव होंडाच्या गोल्ड विंगचं. १९७५ साली ती एक हजार सीसीच्या इंजिनाची आली. १९८८ च्या मॉडेलपासून तिला सहा सिलिंडर आणि गाडी मागे घेण्याची सोय मिळाली. २००६ मध्ये तर तिला एअरबॅगही बसली. आजच्या गोल्ड विंगचं इंजिन १८३३ सीसीचं आहे, म्हणजे बऱ्याच लहान चारचाकींपेक्षा मोठं. वजन पावणेचारशे किलोच्या वर, पेट्रोलची टाकी २१ लिटरची. भारतात ती जपानहून तयार होऊन येते. २०२५ मध्ये तिची शोरूमची किंमत ३९ लाख ९० हजार रुपये होती. तेवढ्या पैशात शंभर सीसीच्या पन्नास गाड्या दारात उभ्या राहतील.

आराम येतो कुठून?

नुसत्या मऊ सीटमुळे आराम येत नाही. त्यामागे चार गोष्टी आहेत.

पहिली, वारा. गाडीचा वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ऐंशीच्या वेगाने चार तास चालवणाऱ्याची मान आणि खांदे सतत वाऱ्याशी झुंजत असतात. आपल्याला ते जाणवत नाही, पण शरीर थकत जातं. टुररला पुढे मोठी काच आणि रुंद फायबर असतं, वारा त्यावरून निघून जातो.

दुसरी, इंजिनाची थरथर. शंभर सीसीच्या गाडीत एकच पिस्टन असतो. वेग घ्यायचा तर त्याला जीव तोडून पळावं लागतं. तीच थरथर हँडलमधून हातात येते आणि बोटांना मुंग्या येतात. गोल्ड विंगमध्ये तीन पिस्टन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला आडवे असतात. एकाचा धक्का समोरचा खाऊन टाकतो. शिवाय इंजिन मोठं असल्याने ते हळू फिरूनही गाडी जोरात पळवतं.

तिसरी, गाडीची लांबी. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत स्प्लेंडर १२३६ मिलिमीटर आहे, गोल्ड विंग १६९५. लांब गाडी खड्ड्यात कमी उसळते आणि सरळ रस्त्यावर डळमळत नाही.

चौथी, बसण्याची पद्धत आणि सामानाची जागा. सीट रुंद आणि बुटकी, पाठ सरळ, कोपर थोडं वाकलेलं. मागच्या माणसाला टेकायला पाठ असते. सामान दोन्ही बाजूंच्या पेट्यांत आणि मागच्या डिकीत जातं, अंगावर काहीच नसतं.

मधल्या किमतीत काय आहे?

आपल्याकडे लांब, बुटक्या आरामाच्या गाडीची ओळख पुण्याच्या बजाजने करून दिली. २००१ साली कावासाकी बजाज एलिमिनेटर आली, २००५ मध्ये तिच्यावरून ॲव्हेंजर. रॉयल एनफील्डची सुपर मेटिऑर ६५० ही २०२३ मध्ये बाजारात आली. तिचं वजन २४१ किलो, टाकी १५.७ लिटरची. तिच्या एका प्रकारात पुढे काच आणि मागे टेकायला पाठ मिळते.

पण घेण्याआधी एक लक्षात घ्या. या गाड्यांत पाय पुढे पसरून बसायचं असतं. गुळगुळीत रस्त्यावर मस्त वाटतं. खड्डा आला की मात्र पायावर जोर देऊन उठता येत नाही, सगळा दणका माकडहाडाला बसतो. मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था गावाकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. अशा रस्त्याला हिमालयनसारखी उंच गाडी, जिच्यावर पायावर उभं राहता येतं, ती जास्त बरी.

कराचाही हिशोब बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींना १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांना ४० टक्के.

चाळीस लाखांची असली तरी सेतूवर बंदी

घोडपदेवपासून हाकेच्या अंतरावर शिवडी आहे. तिथून अटल सेतू सुरू होतो, जानेवारी २०२४ मध्ये तो खुला झाला. पण त्यावर मोटरसायकलला परवानगी नाही, मग ती शंभर सीसीची असो की अठराशेची. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी महामार्गावरही दुचाकीला बंदीच आहे. त्यामुळे गोल्ड विंगवाला असो की स्प्लेंडरवाला, दोघांनाही वाशीच्या खाडीपुलावरून पनवेल गाठून गोवा महामार्गाला लागावं लागतं. म्हणजे जिथे लांबच्या गाडीचा खरा उपयोग, तो रस्ता बंद, आणि हाती येतो ट्रकच्या गर्दीचा.

आपल्या गाडीवर काय करता येईल?

वेग आवरा. पन्नास-साठच्या वेगात वारा आणि थरथर दोन्ही निम्म्यावर येतात. गावी तासभर उशिरा पोचाल, पण धड पोचाल.

सॅक पाठीला लावून दहा तास बसू नका, तिचं सगळं ओझं मणक्यावर येतं. सामान दोन्ही बाजूंना खाली, सारख्या वजनाचं बांधा. मागे उंच गठ्ठा रचला की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं.

दोघं आणि सामान असेल तर मागच्या टायरमध्ये हवा जास्त लागते. किती, ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तकात असतं. मागचे शॉकअप एक-दोन खाच कडक करून घ्या. निघण्याआधी चेन ताणून तेल द्या.

दर दीड तासाला उतरा, पाणी प्या, दहा मिनिटं चाला. हेल्मेट पूर्ण तोंडाचं आणि काचेचं घ्या, तीच आपली टुररची काच. दोघांनाही हेल्मेट सक्तीचं आहे. मधे पोराला बसवून तिघं निघू नका. तिघांना हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं.

आणि रात्री निघू नका. साठच्या वेगात गाडी एका सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. कशेडी किंवा परशुराम घाटात एक डुलकी लागली तर तेवढ्यात वळण निघून जातं. डुलकी लागलेल्या माणसाला कितीही महागडी टुरर वाचवू शकत नाही. डोळे जड झाले की गाडी सरळ एखाद्या पेट्रोल पंपावर किंवा टपरीवर लावा आणि अर्धा तास आडवे व्हा. घरी एक फोन करून कळवा, म्हणजे वाट बघणाऱ्यांचा जीवही टांगणीला लागणार नाही.