देवाचे द्रव्य आणि भक्ताचा अधिकार

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघर श्रींची प्रतिष्ठापना होते, पेठापेठांतून आरत्यांचा घोष दुमदुमू लागतो आणि पावतीपुस्तके घेतलेली मुले दाराशी येतात. वडीलधारी मंडळी यथाशक्ती वर्गणी देतात, देवदर्शनास जाऊन दानपेटीत काही अर्पण करतात व हात जोडून परततात. देवास वाहिलेल्या द्रव्याचा हिशेब विचारणे अनेकांस अभक्तीचे लक्षण वाटते. आम्हांस तीही देवाचीच सेवा वाटते.

या मतास एका जुन्या दाव्याचा आधार आहे आणि त्याचा धागा पुण्याच्या पेशवाईपर्यंत पोहोचतो. गुजरातेतील डाकोरच्या श्रीरणछोडरायाचे आजचे मंदिर पेशव्यांच्या दरबारी सावकारी करणाऱ्या गोपाळ जगन्नाथ तांबवेकर यांनी १७७२ साली बांधविले. (थोरल्या माधवरावांनी थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात देह ठेवला, तेही हेच वर्ष.) पुढे शतकभराने तेथील सेवक देवापुढील द्रव्य आपलेच म्हणू लागले. मनोहर गणेश तांबेकर प्रभृतींनी दावा लावला. १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. वेस्ट यांनी निर्णय दिला की, देव ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असून अर्पण केलेले द्रव्य तिचे आहे. ते स्वीकारणारे सेवक विश्वस्ताप्रमाणे जबाबदार आहेत. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले.

पुढे १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम झाला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. स्वतःच्या मालमत्तेविषयी सामान्य सुज्ञ मनुष्य जेवढी दक्षता घेईल, तेवढी विश्वस्ताने देवाच्या मालमत्तेविषयी घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. जमाखर्च दरवर्षी तपासून घेणे बंधनकारक आहे. देवस्थानाची जमीन अथवा वास्तू धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विकता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून आणि इतर मिळकत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. पुण्यासारख्या शहरात, जेथे जमिनीच्या भावास पारावार उरलेला नाही, तेथे देवाचे खरे संरक्षण या एकाच कलमात आहे, असे आमचे मत आहे. देव स्वतः कचेरीत जाऊ शकत नाही. म्हणूनच न्यायालये त्यास अज्ञान बालकासमान मानतात.

मग त्याच्या वतीने बोलावे कोणी? कायद्याने 'हितसंबंधी व्यक्ती'ची जी व्याख्या केली आहे, ती वाचून आम्ही क्षणभर थबकलो. देवळात पूजाअर्चेस नित्य उपस्थित राहणारा अथवा प्रसाद घेणारा भाविक हाही हितसंबंधीच होय! पहाटे काकडआरतीस जाणाऱ्या आजीबाईही त्यात आल्या. असे कोणीही दोघे आयुक्तांच्या लेखी संमतीने न्यायालयात दावा लावू शकतात: गैरकारभारी विश्वस्तास दूर करावे, हिशेब मागावा, देवाची मिळकत परत मिळवावी. कसूर करणाऱ्या विश्वस्तास निलंबित अथवा बडतर्फ करण्याचा अधिकार आयुक्तांसही आहे. पुणेकरांस त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. धर्मादाय सहआयुक्तांचे कार्यालय ढोले पाटील रस्त्यावर आहे.

आता वर्गणीविषयी. नोंदणी नसलेल्या मंडळासही वर्गणी जमविण्यास धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. तेव्हा पावती फाडणाऱ्या मुलास परवानगीपत्राविषयी मायेने विचारण्यास हरकत नाही. आमच्या आळीतील मंडळ अनंत चतुर्दशीनंतर उत्सवाचा जमाखर्च फळ्यावर लावते. तेलवातीपासून मांडवापर्यंत सारे आकडे त्यात असतात, आणि आम्ही तो दरवर्षी उभ्याउभ्याच वाचून काढतो.