मोबाईलमधलं ताट

“साहेब, पोरगी जेवन मोबाईलमंदी लिहिते, पन ताटात काई घेत नाई.” दर्यापूरकडची एक आई ओपीडीत सांगत होती. मुलगी सोळा वर्षांची, नीटच्या क्लाससाठी अकोल्यात राहते, मेसचा डबा खाते. तक्रार चक्कर येण्याची. हिमोग्लोबिन निघालं 8.4. या वयाच्या मुलीत ते किमान 12 हवं.

मुलीनं मोबाईल पुढे केला. रोजच्या घासाघासाची नोंद! अ‍ॅपनं दिवसाला 1200 कॅलरींची मर्यादा आखली होती, ती पाळली की हिरवी खूण. अ‍ॅप अठराच्या आतल्यांना घेत नाही, म्हणून तिनं जन्मसाल बदललं होतं. वजन उतरवू पाहणाऱ्या प्रौढांची मर्यादा तिच्या वाट्याला आली ती अशी. आयसीएमआरच्या हिशेबानं तिला सुमारे 2500 कॅलरी लागतात. ती हिरवी खूण उपासमारीला मिळत होती.

ही एकटीची गोष्ट नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक जणींना रक्तक्षय आढळला. त्यातल्या बहुतेकींनी असलं अ‍ॅप पाहिलंही नसेल. पण पोटात जाणारं आधीच कमी, त्यात ही मोजणी.

नोंद ठेवण्याला माझा विरोध नाही. काल काय खाल्लं हे विचारलं तर पोरं अर्धं विसरतात, लिहिलेलं बरं. ठेवायचीच तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ बघा, ते भारतीय पदार्थांवर बेतलेलं आहे. मात्र तिच्या नोंदीत मला वेगळंच दिसलं. जेवण झालं की लगेच चहा, दोन्ही वेळा. चहात कॅलरी थोड्या, म्हणून अ‍ॅपला त्याचं काही वाटत नाही. पण जेवणातलं लोह शोषायला तो आडवा येतो. लिंबाची फोड मदत करते, तिची नोंद कोणी करत नाही.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. इतकी तूट नुसत्या आहारानं भरत नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही विचारलं. कॅलरीचा आकडा बंद करून तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या: नाश्ता झाला का, डाळ किंवा पालेभाजी होती का, चहा किती वाजता घेतला. आईला म्हटलं, रोज मोबाईल तपासू नका, नाहीतर ती खोटं लिहील.

जाताना मुलीनं विचारलं, “सर, गिलावडा लिहायचा का?”

“लिही ना. चहा मात्र तासाभरानं.”

महिन्यानं पुन्हा रक्त तपासायचं आहे.