जुन्या नावालाही ओ

जुन्या दिवाळी अंकांत संपादकीय पत्त्याखाली कधी कधी संकेतस्थळाचं नाव छापलेलं असतं. असा अंक रद्दीतून वाचला तर वीस वर्षांनीही कुणाच्या तरी हाती पडतो आणि तो माणूस ते नाव टाइप करून पाहतो. त्या हाकेला ओ कोण देणार? संस्थांची संकेतस्थळं उभारताना इतकी वर्षं हा प्रश्न माझ्यासोबत राहिला आहे. एकाच संकेतस्थळाने अनेक नावांना ओ द्यावी, यासाठी असते ती डोमेन एलियसची सोय. आज ती दहा मिनिटांत लावता येते. तिथवर यायला मात्र बराच काळ जावा लागला.

१९८३ पूर्वी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपातल्या, सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये लिहिलेली असत. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत ती सांभाळली जाई आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ही वही पुरेना. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची व्यवस्था मांडली. तिच्यात पहिल्यापासूनच ‘सीनेम’ नावाची नोंद होती. हे टोपणनाव आहे, खरं नाव अमुक, एवढंच ती सांगते.

नाव पत्त्यापर्यंत पोचवत होतं, पण दार उघडणाऱ्या सर्व्हरला ते ऐकू येत नव्हतं. वेबच्या सुरुवातीच्या नियमांत ब्राउझर फक्त कोणतं पान हवं ते सांगे. कोणत्या नावाने आलो, हे सांगत नसे. त्यामुळे एका यंत्रावर दोन वेगळी संकेतस्थळं ठेवायची, तर प्रत्येकाला स्वतंत्र आयपी पत्ता लागे. जानेवारी १९९७ मध्ये या नियमांची एचटीटीपी १.१ ही आवृत्ती आली आणि प्रत्येक मागणीत नाव सांगणं बंधनकारक झालं. मग अपाचे सर्व्हरमध्ये ‘सर्व्हरएलियस’ या शब्दापुढे हवी तितकी नावं मांडायची, की सगळी एकाच संकेतस्थळावर यायची.

२००१ मध्ये ड्रुपल ही संकेतस्थळं चालवण्याची प्रणाली सर्वांसाठी खुली झाली. माझं बरंचसं काम तिच्यावरच झालं. एकाच ड्रुपलवर अनेक संकेतस्थळं चालवता येत, आणि प्रत्येकाच्या फोल्डरला त्याच्या डोमेनचंच नाव द्यावं लागे. अडचण तिथेच होती. चित्रं त्याच फोल्डरात राहत, त्यामुळे चित्रांच्या पत्त्यातही डोमेनचं नाव शिरे. संस्थेने नाव बदललं आणि फोल्डरचंही बदललं, की जुन्या लेखांतली चित्रं दिसेनाशी होत. आम्ही सर्व्हरवर नव्या नावाचा दुवा करून तो जुन्या फोल्डरकडे वळवायचो. सर्व्हर बदलताना नेमका तो दुवा मागे राहून जाई.

जानेवारी २०११ मधल्या ड्रुपल ७ ने यावर उपाय आणला: ‘साइट्स डॉट पीएचपी’ ही फाइल. तिच्यात डावीकडे बाहेरचं नाव लिहायचं, उजवीकडे फोल्डरचं. फोल्डरला साधं, कायमचं नाव द्यावं आणि डोमेन हवं तेव्हा बदलावं. ड्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ ला थांबला, पण ही फाइल पुढच्या आवृत्त्यांतही चालत आली.

अनेक नावं जोडली की त्यांतलं मुख्य कोणतं, हे ठरवावंच लागतं. तेच पान दोन पत्त्यांवर दिसलं, तर शोधयंत्राला ती दोन पानं वाटतात. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘कॅनॉनिकल’ ही खूण स्वीकारली. पानाचा अधिकृत पत्ता ती सांगते. वाचकासाठी त्याहून चोख मार्ग म्हणजे बाकीच्या नावांवरून मुख्य नावाकडे नेणारं ‘३०१’ हे कायमचं वळण. ते नसेल, तर एका नावावर लॉगिन केलेला सभासद दुसऱ्या नावावर पुन्हा अनोळखी ठरतो.

पुढे सगळीकडे कुलूपबंद जोडणी (एचटीटीपीएस) आली आणि तिच्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रात प्रत्येक नाव असणं गरजेचं झालं. छोट्या संस्थांना हा खर्च जड जाई. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची मोफत प्रमाणपत्रं सर्वांना मिळू लागली. एका प्रमाणपत्रात शंभर नावं मावत. त्याच सुमाराच्या ड्रुपल ८ ने आणखी एक शिस्त लावली: विश्वासाच्या नावांची यादी. खोटं नाव पुढे करून पासवर्ड बदलण्याचा दुवा भलतीकडे नेता येतो, म्हणून यादी भरलेली असली, की तिच्याबाहेरच्या नावाला संकेतस्थळ दार उघडत नाही. एलियस लावूनही पान दिसत नसेल, तर मी आधी ही यादी पाहतो.

मराठीसाठी महत्त्वाचा टप्पा ऑगस्ट २०१४ चा. ‘डॉट भारत’ देवनागरीत आलं आणि मराठी-कोकणी संस्थांना आपल्या लिपीतलं नाव घेता आलं. आतल्या व्यवस्थेत त्याचं रोमन रूप होतं आणि एलियसच्या यादीत तेच लिहावं लागतं. पण वाचकाला आपली अक्षरं दिसतात. रोमन नाव चालू ठेवून शेजारी देवनागरी नाव जोडणं, हा मला एलियसचा सर्वांत सुंदर उपयोग वाटतो.

एक प्रसंग मात्र अजून सलतो. एका संस्थेने नवं नाव घेतलं, कार्यकारिणी बदलली आणि जुन्या डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं. काहीशे रुपयांचा प्रश्न होता. ते नाव दुसऱ्या कुणीतरी उचललं आणि तिथे सट्ट्याच्या जाहिराती झळकू लागल्या. पावतीपुस्तकं, स्मरणिका, आजीव सभासदांची कार्डं, सगळ्यांवर तेच नाव होतं. कुठलीही सेटिंग आता ते परत आणू शकत नव्हती.

तेव्हापासून काम सोपवताना मी संस्थेला एक कागद देतो. त्यावर सगळी नावं, प्रत्येकाची मुदत आणि नोंदणी कुणाच्या खात्यात आहे, एवढंच असतं. घरपट्टीच्या पावतीशेजारी तो लावा, असं सांगतो. दरवर्षी अंदाजपत्रक मांडताना जुन्या नावाचे पैसे आधी बाजूला काढायचे आणि मग नव्या कामांकडे वळायचं.