माध्यमिक शाळेत चित्रकला कशासाठी?

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आम्ही विषय निवडला तो चित्रकलेचा. त्यास कारण आहे. दर वर्षी जून महिन्यात नववीचे वर्ग सुरू झाले, की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते आणि पुष्कळांचे म्हणणे एकच असते, "सर, मुलाला चित्रकलेऐवजी दुसरा एखादा विषय देता येईल का? रेघोट्या मारून काय होणार?" असे म्हणणारे गृहस्थ सुशिक्षित असतात, मुलाचे कल्याणच पाहत असतात आणि बहुधा घाईत असतात. शाळेच्या दारात उभ्या उभ्या त्यांना जे सांगता येत नाही, ते येथे निवांतपणे सांगावे असा विचार आहे. आम्ही वर्गात भूमिती शिकवतो आणि चित्रकलेचे तासही घेतो, तेव्हा दोन्हीकडची बाजू आम्हांस ठाऊक आहे.

प्रथम वस्तुचित्राचा विचार करू. टेबलावर एक पितळी तांब्या ठेवतात आणि मुलांना तो दिसतो तसा काढण्यास सांगतात. काम सोपे वाटते. पण नवशिकी मुले बहुतेक सारी एकच चूक करतात. तांब्याचे तोंड ती लांबट गोल काढतात आणि बूड मात्र पट्टीने आखल्यासारख्या सरळ रेघेने. असे का व्हावे? तांब्या सपाट टेबलावर बसलेला आहे हे मुलाला ठाऊक असते. ते जे ठाऊक असते तेच हात काढतो. डोळ्याला काय दिसते हे कोणी विचारलेलेच नसते. वस्तुतः तोंड आणि बूड दोन्ही वर्तुळेच. तिरप्या नजरेने पाहिल्यामुळे ती लंबगोल दिसतात. वर्तुळ अगदी डोळ्याच्या पातळीत आले, तर त्याची नुसती आडवी रेघ दिसते आणि ते जसजसे खाली जाईल तसतसा लंबगोल फुगत जातो. म्हणून टेबलावरच्या तांब्याच्या बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षाही अधिक वाकलेली दिसली पाहिजे. वाचकांनी घरी एखादा पेला डोळ्यासमोर धरून हळूहळू खाली नेऊन पाहावा, म्हणजे हे लगेच पटेल. आम्ही वर्गात हाच प्रयोग करतो. चाळीस-चाळीस मुले एका वेळी पेले वरखाली करू लागली, की शेजारच्या वर्गातील शिक्षक डोकावून जातात. त्याला इलाज नाही.

यानंतर मापाची गोष्ट येते. हात ताठ समोर धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचे टोक तांब्याच्या एका कडेशी लावून दुसऱ्या कडेपाशी अंगठा ठेवायचा, आणि ती रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजायचे. यात गुणोत्तराचे जे शिक्षण होते, ते गणिताच्या पुस्तकातील दहा उदाहरणांनी होत नाही असा आमचा अनुभव आहे. मग छायाप्रकाश. उजेड एका बाजूने येतो, त्याच्या विरुद्ध बाजू काळोखी होते, हे मुलाला समजते. पण त्या काळोख्या बाजूच्या अगदी कडेला टेबलावरून परतलेल्या उजेडाची एक बारीक पट्टी असते, ती दिसण्यास काही महिने लागतात. ती ज्या दिवशी त्याला आपण होऊन दिसते, त्या दिवशी त्या मुलाच्या वहीतील विज्ञानाच्या आकृतीही सुधारू लागतात. ठाऊक असलेले बाजूला ठेवून समोर असलेले पाहणे, ही सवय डॉक्टरला लागते, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला लागते आणि न्यायाधीशालाही लागते. माध्यमिक शाळेत ती लावणारा विषय आमच्या मते हाच.

आता संकल्पचित्राकडे वळू, ज्याला हल्ली सर्वजण डिझाईन म्हणतात. पालकांचा गैरसमज असा, की संकल्पचित्र म्हणजे फुले-पाने काढून रंग भरणे. पण त्याचा पाया भूमिती आहे. कंपासने एक वर्तुळ काढावे आणि कंपासचे अंतर न बदलता परिघावर खुणा करीत जावे. बरोबर सहा खुणा होऊन आपण पहिल्या जागी परत येतो. त्रिज्या आणि दोन खुणांमधील अंतर सारखे असल्यामुळे प्रत्येक वेळी समभुज त्रिकोण होतो, त्याचा कोन 60 अंशांचा, आणि असे सहा कोन मिळून 360 अंश भरतात. या सहा खुणांवरून सहा पाकळ्यांचे फूल निघते, षट्कोन निघतो, सहा टोकांचा तारा निघतो. आपल्या घरातील माताभगिनी दाराशी ठिपक्यांची रांगोळी काढतात आणि कारागीर दगडाची जाळी कोरतो, तेव्हा दोघांच्या हाताखाली बहुधा हीच विभागणी असते. षट्कोनी फरशा एकमेकींना लावल्या तर फट राहत नाही. पंचकोनी लावून पाहा : कोन 108 अंशांचा, तीन मिळून 324 होतात, चौथा बसत नाही आणि फट राहते. अष्टकोनांच्या मध्ये चौकोन उरतो, म्हणून फरशी बसवणारा तेथे छोटी चौकोनी फरशी घालतो. नववीच्या मुलाला हे कागदावर कापून दाखवले, की कोनांच्या बेरजेचे प्रमेय त्याला पाठ करावे लागत नाही.

याच विषयातील एक गाठ सुटण्यास फार कठीण असते, ती म्हणजे कोपरा. सरळ काठ कोणीही काढील. पण रुमालाचा काठ कोपऱ्यावर वळवताना वेलीचे पान अर्धेच राहते किंवा दोन फुले एकमेकांवर चढतात. मग मुलाला पुन्हा आरंभापासून मोजावे लागते : बाजूची लांबी किती, एका नक्षीची रुंदी किती, पूर्ण भाग जातो की नाही. ज्याने कोपरा आधी आखून मग बाजू भरल्या त्याला विषय कळला असे आम्ही समजतो.

आमच्या मुस्लिम समाजातील काही पालक वेगळी शंका घेऊन येतात. सजीवांची चित्रे काढणे त्यांच्या घरी मान्य नसते, आणि त्यामुळे मुलीचा हात चांगला असूनही तिने हा विषय सोडावा असे त्यांना वाटते. त्यांना आम्ही वही उघडून दाखवतो. वस्तुचित्रात भांडी, पुस्तके, फळे येतात. संकल्पचित्र आणि भूमिती यांत माणूस नसला तरी काही अडत नाही. आणि अक्षरलेखन तर ज्या समाजाने खत्ताती, म्हणजे सुलेखन, हीच मोठी कला मानली त्याला परके कसे वाटावे? स्मरणचित्राचा प्रश्न उरतो, त्यात मनुष्याकृती येतात, हे आम्ही त्यांच्यापासून लपवीत नाही. त्याबद्दल घरातच विचार व्हावा. पण एका भागासाठी सबंध विषय टाकून देऊ नये, एवढे आम्ही नम्रपणे सांगतो, आणि पुष्कळ जण ऐकतात.

आपण वडोदऱ्यात राहतो हे या बाबतीत मोठे भाग्य आहे, आणि त्याचा उपयोग आपण फार थोडा करतो. दिवाण भाऊ तांबेकर यांच्या वाड्यातील एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रे आपल्यापैकी कितीजणांनी मुलांना दाखवली आहेत? कीर्तिमंदिराच्या भिंतींवर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी गंगावतरण आणि मीरेचे जीवन चितारले. अकबराच्या काळातील हजिरा मकबरा अष्टकोनी जोत्यावर उभा आहे. मुलांना दोरी घेऊन तेथे नेले, तर अष्टकोन कसा आखतात याचा पाठ जागेवरच होतो. यातील कशालाही मोठा खर्च नाही. एक रविवार पुरतो.

आता पोटाचा प्रश्न. तो विचारणे गैर नाही. परंतु निदान वडोदरेकरांनी तो विचारताना थोडे मागे वळून पाहावे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 साली येथे एक संस्था निघाली, तिचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर. रेखांकन, यंत्रकाम, रंगाई असे विषय तेथे एकाच छपराखाली शिकवीत. आज ज्या तंत्रविद्या शाखेत मुलाला प्रवेश मिळावा म्हणून आपण धडपडतो, ती विद्यापीठाची शाखा याच संस्थेतून वाढली, आणि संस्थेचे नाव होते कलाभवन! कलेला व यंत्राला वेगळे करण्याची कल्पना तिच्या संस्थापकांना सुचली नव्हती. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. नंतर येथेच शिकण्यास आले होते. पुढे विद्यापीठात ललितकला शाखा सुरू झाली, तेव्हा 1950 साली चित्रकला विभागास नारायण श्रीधर बेंद्रे लाभले. ते इंदूरचे, तेथील देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी. मकबूल फिदा हुसेन यांनीही इंदुरात त्याच मास्तरांकडे धडे घेतले होते. आणि ज्यांना मुलाने हिशेबनीसच व्हावे असे वाटते त्यांच्यासाठी सांगतो, की भूपेन खख्खर हे सनदी लेखापाल होते, 1962 मध्ये वडोदऱ्यास आले, हिशेबाची नोकरी करीत राहिले आणि देशातील नामांकित चित्रकारांत गणले गेले.

प्रत्येक मूल चित्रकार होणार नाही, व्हावे असेही नाही. पण डिझाईनचे क्षेत्र वेगळे आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने 1958 साली भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची मुक्तकंठाने स्तुती केली : त्यात पाणी किती मावावे, तो कमरेवर कसा टेकावा, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहावा, धार कशी पडावी, आतून घासता कसा यावा. या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या आकारात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहेत. त्या अहवालामागोमाग 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था निघाली. तिची स्वतःची प्रवेशपरीक्षा आहे, आय. आय. टी. व इतर काही संस्थांच्या डिझाईन अभ्यासक्रमासाठी मुंबईची आय. आय. टी. युसीड ही परीक्षा घेते आणि तिला बारावीच्या कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. वास्तुविद्येसाठी मात्र गणित व भौतिकशास्त्र लागते, तेव्हा चित्रकला घेतली म्हणून गणित सोडण्याची चूक करू नये. या परीक्षांत तयार चित्रे घोटून चालत नाही. पाहण्याची सवय तपासली जाते, आणि बारावीनंतर तीन महिन्यांच्या शिकवणीत ती लागत नाही. म्हणून आठवी-नववीतच शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांस मुलांना बसवावे. महाराष्ट्रात इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, परंतु गुण मिळोत न मिळोत, त्या तयारीने हात बसतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला व विज्ञान यांच्यातील भिंत काढावी असेच म्हटले आहे.

ट्रस्टच्या विश्वस्तांस दोन विनंत्या आहेत. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात गणित, विज्ञान, इंग्रजी यांच्या गुणांचे रकाने आहेत, चित्रकलेचा नाही. तो पुढील वर्षापासून घालावा. दुसरे असे, की पुस्तकपेढी आपण इतकी वर्षे उत्तम चालवली. तिच्याच कपाटात रंगपेढीला एक फळी द्यावी. रंग संपले हे सांगण्याची लाज वाटून "आज वही विसरलो" म्हणणारी मुले आम्ही दर आठवड्यास पाहतो, आणि चांगला हात असलेली दोन-तीन मुले वर्षाकाठी अशा विसरण्यातच विषय सोडून जातात. फार काही लागत नाही. एच. बी., 2 बी आणि 6 बी अशा पेन्सिली, जाड कागदाची वही, पोस्टर रंगांच्या बारा बाटल्यांची पेटी, तीन मापांचे ब्रश, आणि ज्याचा स्क्रू ढिला नाही असा एक कंपास. खोडरबर चार मुलांत एक पुरे. प्रत्येकाच्या हाती दिले, तर रेघ काढण्यापेक्षा ती खोडण्यातच तास जातो.