सॅनिटायझर जपून वापरा

करोनाची साथ आली आणि घरोघर सॅनिटायझरची बाटली आली. दिसायला ते पाण्यासारखे. पण त्यात बहुतेक भाग अल्कोहोलच असते. जखम पुसायचे स्पिरिटही त्याच जातीचे.

पोटात गेले तर ते विष. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पोलिओच्या डोसाऐवजी चुकून सॅनिटायझर पाजले गेले. १२ लेकरे दवाखान्यात न्यावी लागली. ती वाचली. त्याच वर्षी एप्रिलात वणीला दारू मिळेना म्हणून काही माणसे सॅनिटायझर प्याली. त्यांतली ७ दगावली.

म्हणून आम्ही सांगतो ते ध्यानात धरा. बाटली चुलीपासून दूर आणि पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. पाण्याच्या बाटलीत ते कधी ओतू नका. हाताला लावले की पुरते वाळू द्या. मगच चूल पेटवा. याची ज्योत फिकट असते, उन्हात दिसतही नाही.

डोळ्यात उडाले तर चोळू नका. १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवा.

कपडे पेटले तर पळू नका. जमिनीवर लोळा. भाजल्या जागी २० मिनिटे गार पाणी सोडा. हळद, शाई लावू नका.

पोटात गेले तर ओकारी काढू नका. माणूस बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका. लगेच १०८ ला फोन करा. बरे वाटले तरी थांबू नका. कधी कधी त्रास काही तासांनी सुरू होतो. बाटली बरोबर न्या.

आणि बाटलीवरची अक्षरे आधी वाचा. आता आपल्याला वाचता येते ना!