विश्लेषण : थंडीत कामाच्या ठिकाणी आगीचा धोका का वाढतो? तो टाळायचा कसा?

१८ डिसेंबर २०१७. मुंबईतील साकीनाका येथे फरसाणच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि आत झोपलेल्या १२ कामगारांचा मृत्यू झाला. ८ डिसेंबर २०१९. दिल्लीच्या अनाज मंडीत पिशव्या, टोप्या बनवणाऱ्या कारखान्यांच्या इमारतीत पहाटे आग भडकली आणि ४३ जण गेले. ३१ डिसेंबर २०२३. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्यात मध्यरात्रीनंतर आग लागली, त्यात ६ कामगार दगावले. या घटनांत आगीचे कारण थंडी होती, असे म्हणता येणार नाही. पण तिन्ही ठिकाणी वेळ रात्रीची किंवा पहाटेची होती आणि माणसे कामाच्याच जागी झोपलेली होती. हिवाळ्यात ठिणगी पडण्याची कारणे वाढतात आणि बाहेर पडण्याच्या वाटा कमी होतात. त्यामुळे या महिन्यांत दोन्हींकडे लक्ष द्यावे लागते.

थंडीत नेमके काय बदलते?

पाऊस संपला की हवेतील ओलावा कमी होत जातो. विदर्भ, मराठवाडा आणि खान्देशात डिसेंबर-जानेवारीत हवा चांगलीच कोरडी असते. कागद, पुठ्ठा, कापड, लाकडाचा भुसा, कापूस या वस्तू हवेतील ओलावा शोषतात आणि हवा कोरडी झाली की सोडतात. त्यामुळे पावसाळ्यात विझून गेली असती अशी ठिणगीही हिवाळ्यात पेट घेऊ शकते.

कोरड्या हवेत स्थिर विद्युतभारही साठून राहतो. स्वेटर काढताना होणारी चटचट त्याचीच. एरवी ती निरुपद्रवी असते. पण थिनर, रंग किंवा चिकट द्रव्ये हाताळली जातात तिथे तेवढी ठिणगीही पुरते. थिनरमध्ये अनेकदा असणारे टोल्युईन सुमारे ४ अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणजे ‘थंडी आहे, काही होत नाही’ हा समज चुकीचा आहे. त्यात गारठ्यामुळे खिडक्या बंद ठेवल्या, पंखे थांबवले, की ही वाफ बाहेर जात नाही.

हीटर आणि एक्स्टेंशन बोर्डचे गणित काय?

दोन हजार वॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. कार्यालयात टेबलाखाली दिसणारा साधा एक्स्टेंशन बोर्ड बहुधा ६ अँपिअरचा असतो. त्याच बोर्डवर चहाची दीड हजार वॉटची किटली लावली, तर एकूण प्रवाह १५ अँपिअरच्या घरात जातो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. वायर सतरंजीखाली किंवा फायलींच्या गठ्ठ्यामागे दबलेली असेल, तर ही उष्णता तिथेच कोंडते.

‘एमसीबी आहे, पडेल’ हा दिलासाही अर्धाच खरा आहे. प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की एमसीबी पडतो. पण भिंतीतील वायरिंगला शोभेल असा एमसीबी बोर्डच्या बारीक वायरला वाचवेलच असे नाही. सैल झालेला प्लग किंवा ढिला स्क्रूही त्याला कळत नाही. तिथे प्रवाह मर्यादेतच असतो, मात्र जोड तापत राहतो. प्लग हाताला गरम लागणे, सॉकेट तपकिरी पडणे, जळका वास येणे, दिवे लुकलुकणे ही त्याची लक्षणे आहेत. पाणी तापवण्याच्या रॉडचेही तसेच. बादलीतले पाणी आटले किंवा चालू रॉड पुठ्ठ्यावर ठेवला गेला, तर काही मिनिटांत आग लागू शकते.

शेगडी, शेकोटी किती धोक्याची?

रात्रपाळीचे कामगार आणि सुरक्षारक्षक यांना थंडी चुकत नाही. मग भंगारातले लाकूड, पुठ्ठे, कधी टायरचे तुकडे पेटवले जातात. गोदामाच्या आडोशाला पेटवलेल्या शेकोटीची ठिणगी वाऱ्याने आत जाते. विझली म्हणून सोडून दिलेल्या राखेत निखारे तासन्‌तास धगधगत राहतात.

शेगडी बंद खोलीत नेली तर धोका दुहेरी होतो. कोळसा अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आग न लागताही झोपलेला माणूस त्याने दगावतो. त्यामुळे रक्षकाच्या केबिनमध्ये दार लावून शेगडी पेटवणे कोणत्याही परिस्थितीत टाळायला हवे.

‘शेकोटी करू नका’ अशी पाटी लावून मात्र हा प्रश्न सुटत नाही. माणसाला ऊब लागतेच. स्वेटर, कानटोपी, जाड ब्लँकेट, वारा अडवणारी केबिन, रात्री गरम चहाची सोय आणि स्वतंत्र १६ अँपिअर सॉकेटवर चालणारा, कलंडल्यास आपोआप बंद पडणारा हीटर यांचा खर्च एका आगीच्या नुकसानीपुढे नगण्य आहे.

जिनिंगमध्ये हिवाळा वेगळा का?

कापसाचा हंगाम आणि हिवाळा एकत्रच येतात. यवतमाळ, अकोला, जळगाव, परभणी या पट्ट्यातील जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात याच काळात कापसाचे ढीग उभे असतात. कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला की ठिणगी उडते. सुकलेले बेअरिंग तापूनही आग लागते. हवेच्या नळ्यांतून रुईबरोबर ती ठिणगी पुढच्या खोलीत पोहोचते. कोरड्या रुईवर स्थिर विद्युतभारही सहज साठतो.

रुईची आग फसवी असते. वरून विझलेली दिसली तरी गाठीच्या पोटात ती धुमसत राहते आणि कधी काही दिवसांनी पुन्हा पेटते. म्हणून आगीच्या आसपासची गाठ इतर गाठींत न मिसळता बाजूला, उघड्यावर ठेवून तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. कापूस यंत्रात जाण्याआधी लोखंड पकडणारे चुंबक, बेअरिंगचे रोजचे वंगण, पाळी संपताना उडालेल्या तंतूंची झाडलोट, ढिगांमध्ये मोकळी जागा आणि आवारात बिडी-काडीवर कडक बंदी हे जुनेच उपाय आजही सर्वांत उपयोगी आहेत.

माणसे दगावतात कशामुळे?

बहुतेक वेळा ज्वाळेआधी धूर पोहोचतो. अनाज मंडीत मृत्यू पावलेल्यांपैकी बहुतेक जण गुदमरून गेले. प्लास्टिक, फोम, कृत्रिम कापड जळताना निघणारा धूर काही श्वासांत माणसाला बेशुद्ध करू शकतो. झोपेत त्या वासाने जाग येईलच असे नाही.

थंडीत यात भर पडते. एरवी गच्चीवर किंवा ओट्यावर पथारी टाकणारे कामगार या दिवसांत पोटमाळ्यावर किंवा मालाच्या थप्प्यांमध्ये झोपतात. वारा येतो म्हणून शटर खाली ओढले जाते, झडपा बंद केल्या जातात. चोरीच्या भीतीने बाहेरून कुलूप लागते आणि किल्ली मालकाच्या घरी असते. खिडक्यांना गज असतातच. जिन्यावर माल रचलेला असतो. अशा जागेत छोटी आगही जीवघेणी ठरते.

म्हणून ज्या जागेत माल किंवा ज्वलनशील पदार्थ ठेवले जातात, तिथे कोणालाही झोपू न देणे हा पहिला उपाय. मुक्कामाची सोय वेगळी असावी. तोवर निदान आतून हाताने उघडणारे दार, दुसरी मोकळी वाट आणि धूर ओळखून वाजणारा गजर एवढे तरी हवेच.

कायदा काय सांगतो?

राज्यात ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ लागू आहे. त्यानुसार कायद्याच्या कक्षेतील इमारतींत आगप्रतिबंधक यंत्रणा बसवणे आणि ती सुस्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै असे दोनदा अग्निशमन दलाकडे द्यावे लागते. जानेवारीची तपासणी ऐन हिवाळ्यात येते. ती केवळ कागदावर न उरकता त्याच दिवशी पंप चालवून, गजर वाजवून आणि आपत्कालीन दार उघडून पाहिले, तर प्रमाणपत्राला अर्थ राहील.

आग लागलीच तर काय करावे?

आधी ओरडून किंवा गजर वाजवून सर्वांना सावध करावे, माणसे बाहेर काढावीत आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. शक्य असल्यास मुख्य स्विच बंद करावा. विजेच्या किंवा तेलाच्या आगीवर पाणी टाकू नये. अग्निशमन यंत्र वापरताना पिन काढावी, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरावी, दांडा दाबावा आणि डावीकडून उजवीकडे फवारा फिरवावा. पाठ मात्र कायम बाहेरच्या दाराकडे हवी. लहान यंत्र काही सेकंदांतच रिकामे होते. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही, तर बाहेर पडावे. धूर भरला असेल तर वाकून किंवा रांगत जावे, कारण जमिनीलगत हवा थोडी स्वच्छ असते. लिफ्ट वापरू नये. सामानासाठी परत फिरू नये.

हे सारे दार उघडत असेल तरच शक्य आहे. त्यामुळे रात्रपाळी सुरू होताना प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी रोज पाहाव्यात : आत नेमकी किती माणसे आहेत, बाहेर जाण्याची वाट मोकळी आहे का आणि कुलपाची किल्ली कोणाकडे आहे.