नकलेतली चूक

बजाजनगरात नळाला पाणी आलं, की पहिली धावपळ असते ती दारातला निळा ड्रम भरण्याची. 2006 साली तापाची साथ आली तेव्हाही आमचा ड्रम काठोकाठ भरलेला होता. सौ.चा ताप तीन दिवसांत उतरला. पण पोळी लाटताना मनगट वळायचं नाही, ते पुढं पाच महिने. त्या वर्षी देशभरात चिकुनगुन्याचे 13 लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. मराठवाडाही सुटला नाही.

हा विषाणू आपल्याला अगदीच अनोळखी नव्हता. 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ येऊन गेली होती. मग तीसेक वर्षं तो जणू गायबच झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेला बार्शीचा विषाणू आणि नवा विषाणू ताडून पाहिला, तेव्हा कळलं, की हा तो नव्हेच! बार्शीचा आशियाई कुळातला, हा आफ्रिकी कुळातला. या कुळातला विषाणू पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या डासांत 2000 सालीच सापडला होता.

मी आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासल्या. एकानं लिहावं, दुसऱ्यानं तपासावं, हा आमचा नेम. या विषाणूच्या दप्तरी तपासनीसच नाही. आपल्याच पेशींना राबवून तो स्वतःच्या असंख्य नकला काढतो आणि नकलेत चुका होतात. बहुतेक चुका त्यालाच बुडवतात. एखादी मात्र फळते. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर 2005-06 मध्ये असंच झालं. त्याच्या आवरणातल्या एका प्रथिनाची 226वी कडी बदलली आणि तो अंगावर पांढरे पट्टे असलेल्या टायगर डासात जोमानं वाढू लागला. 2007 मध्ये हाच बदल केरळात आढळला. तिथल्या रबराच्या मळ्यांत हा डास मुबलक.

मराठवाड्यात मात्र त्याला एवढंही करावं लागलं नाही. साठवणीच्या पाण्यात वाढणारा एडिस इजिप्ती डास इथं आधीच घरोघरी होता. चूक विषाणूच्या हातून होते; ती फळणार की नाही, हे यजमानावर ठरतं. आणि वाचकहो, यजमान आपणच!

ड्रम नुसता रिकामा करून भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरडीच महिनोन् महिने तग धरतात. म्हणून दर रविवारी मी आमचा ड्रम आतून घासतो. सौ. दारात उभी राहून तपासते. बँकेतली सवय आता तिला लागली आहे.